बसप्पा मोजणीदार

“हा डोंगर कुणाच्या नावावर आहे?” सिद्रामनं विचारलं.

मी वाक्य अर्ध्यात सोडून त्याच्याकडं बघितलं. गेली दहा मिनिटं मी जीव तोडून वर्णन करत होतो. काळा डोंगर, त्याच्या पोटातली गुहा, गुहेच्या तोंडाशी विखुरलेली हाडं, आतून येणारा गंधकाचा वास.

“राक्षसाच्या,” मी म्हटलं.

“नावावर आहे का नुसता कब्जा आहे?”

मुसद्दिकनं कपाळावर हात मारला. उज्ज्वला टीचरनी पदर तोंडाला लावला. सिद्रामची बायको शिवलीला टेबलाकडं बघत हळूच म्हणाली, “अहो...”

“नाही, फरक पडतो,” सिद्राम शांतपणे म्हणाला. “वडिलोपार्जित असंल तर वारस काढावे लागतील. एकटा राक्षस कधीच नसतोय. भाऊ असतोय कुठंतरी.”

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात नव्या पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे, तेव्हाही होतं. दुकानाच्या वर एक खोली आहे. रविवारी दुकान बंद, म्हणून दुपारी दोन ते पाच आम्ही तिथं खेळायचो. खेळ सांगायला सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो. आमच्यात तो मी. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी साधू. संकट आलं की काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. पुण्यात शिकायला होतो तेव्हा मला हे वेड लागलं. सोलापुरात परत आल्यावर हे वेड असलेली माणसं शोधायला मला दीड वर्ष लागलं, आणि मिळाली ती दोन. मोबाइल दुरुस्त करणारा मुसद्दिक आणि गणित शिकवणाऱ्या उज्ज्वला टीचर.

सिद्राम हत्तरे माझा शाळेपासूनचा दोस्त. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. म्हणजे सरकारी मोजणीदार; शेताच्या बांधावरून भाऊ-भाऊ भांडायला लागले की मोजायला जातो तो. खोटं म्हणून कशाचाही त्याला तिटकारा. सिनेमा बघत नाही, कारण “सगळं खोटं असतंय.” सातवीत नाटकात त्याला शिपायाचं काम होतं. धावत येऊन एकच वाक्य म्हणायचं, ‘महाराज, शत्रू वेशीवर आला!’ हा धावत आला, विंगेत वाकून बघितलं आणि म्हणाला, “महाराज, अजून कुणी आलं नाही.”

असा माणूस एका दुपारी दुकानात आला आणि म्हणाला, “अंब्या, रविवारी तुझ्याकडं तो फाशांचा जुगार असतो ना?”

“जुगार नाही बे.”

“तेच ते. माझ्या बायकोला घेशील का त्यात?”

त्याच्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. शिवलीला पुण्यात नोकरी करत होती. स्थळ आलं, सगळं जुळलं, नोकरी सोडून ती सोलापुरात आली. आता एका चादर कारखान्यात नक्षीकामाची डिझाइनं करायची. पुण्यात मैत्रिणींबरोबर असा एक खेळ खेळायचे, असं ती कधीतरी जेवताना बोलून गेली होती. सिद्रामनं ते ध्यानात ठेवलं होतं.

पहिल्या रविवारी ती गप्प बसून होती. काजळी नावाची चोर झाली. पंधरा मिनिटांनी काजळीला पहारेकऱ्यांनी पकडलं, आणि त्या शांत, ‘भावजी, पाणी मिळेल का’ म्हणणाऱ्या बाईनं मला, म्हणजे पहारेकऱ्याला, असं काही झापलं की मी खरोखर दोन पावलं मागं सरकलो. “अरे ए ढेरपोट्या! चोर पकडायला आलास का उंदीर? दिवा धर नीट!” मग स्वतःच हसायला लागली. पत्र्यावर शेंगा ओताव्यात तसं हसणं. थांबतच नव्हतं.

सिद्राम तिला दोनला सोडायचा आणि खाली स्कूटरवर बसून राहायचा. पाचपर्यंत.

“घरी जाऊन ये की,” मी म्हणायचो.

“असू दे. पेट्रोल जळतंय उगं.”

तीन महिने असे गेले. मग एक दिवस जेवणाच्या सुटीत तो पुन्हा दुकानात आला. या वेळी खिशात वही होती.

“मला शिकव.”

“काय?”

“तो खेळ. नियम सांग, लिहून घेतो.”

मला वाटलं थट्टा करतोय. पण सिद्रामला थट्टा करता येत नाही. त्यानं खरंच वहीत समास आखला. मी म्हटलं, आधी तू कोण होणार ते ठरव. दांडगा आहेस, योद्धा हो.

“मला तलवार चालवता येत नाही.”

“खऱ्यात नाही बे, खेळात.”

“मग तो कसा चालवणार? मीच असणार ना आत?” थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मोजणीदार चालेल का? राजाचा?”

“चालेल. नाव?”

“सिद्राम.”

“स्वतःचं नाही. वेगळं.”

“हत्तरे.”

शेवटी त्याच्या आजोबांचं नाव घेतलं. बसप्पा. बसप्पा मोजणीदार. जवळ हत्यार काय? तर एक साखळी, बारा खुंट्या आणि पाण्याची पिशवी.

मग तो रविवार, आणि डोंगराची मालकी. नंतरचे चार रविवार काही वेगळे गेले नाहीत. नदी ओलांडायची तर हा पात्राची रुंदी विचारायचा. भुतानं हाक मारली तर त्याचं पूर्ण नाव विचारायचा. मुसद्दिक म्हणायचा, “सिद्रामभाई, तुम्ही भुताला नोटीस बजावा, तोवर आम्ही पळतो.” आम्ही सगळे हसायचो. शिवलीला सोडून.

ती हसायची थांबली होती. काजळी पूर्वीसारखी भांडत नव्हती. आणि एक गंमत अशी झाली की काजळी जगातल्या कुणालाही ‘अरे’ म्हणायची, राजालासुद्धा, पण बसप्पाशी बोलायची वेळ आली की तिच्या तोंडून निघायचं, “अहो, तुम्ही जरा मागं थांबता का?”

“काजळी कुणाला अहो-जाहो करत नाही,” मी चिडवलं.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं, भावजी,” ती म्हणाली.

आम्ही हसलो. सिद्राम वहीत काहीतरी लिहीत बसला. मला तेव्हा काही कळलं नाही. खरं सांगायचं तर माझं डोकं माझ्या खेळाची काळजी करत होतं. माझी सगळ्यात चांगली खेळाडू विझत चालली होती आणि कारण समोर बसून समास आखत होतं.

पाचव्या रविवारी मधल्या सुटीत सिद्राम आणि मी खालून चहा घेऊन जिना चढत होतो. वरच्या पायरीजवळ, दाराआड, शिवलीला टीचरांशी बोलत होती. तिचा आवाज खाली आला.

“खेळायला नाही येत हे, टीचर. लक्ष ठेवायला येतात. कुणीतरी काहीतरी बोललं असंल घरी, सून परक्या माणसांत बसते म्हणून. आधी खाली बसून लक्ष ठेवायचे, आता वर येऊन ठेवतात.”

“तसं नसंल गं,” टीचर म्हणाल्या.

“मग काय? यांना कधी खोटं आवडतंय का?”

सिद्राम जिन्यातच थांबला. मी त्याच्या दंडाला हात लावला. तो मागं न बघता दोन पायऱ्या खाली उतरला, आणि मग मुद्दाम पाय आपटत, खोकत वर गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो दाराशी उभा होता.

“मी येणार नाही आता. तिला सोडंन आणि घरी जाईन. खालीसुद्धा थांबणार नाही.”

“अरे, पण तिला सांग ना, तू कशाला येतोस ते.”

मी शटर वर केलं, त्याला आत बसवलं, पाणी दिलं.

“तू कशाला येतोस, सिद्राम?”

त्यानं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बराच वेळ वाचला. खालची बारीक ओळसुद्धा वाचली असावी.

“घरी ती विचारते, भाकरी वाढू का. मी म्हणतो, वाढ. मग विचारते, अजून हवी का. मी म्हणतो, बास. वाईट नाही वागत हं. आईशी चांगली वागते. पण बास, तेवढंच.” तो थांबला. “खाली बसलो की वरून हिचं हसणं ऐकू यायचं. पहिल्यांदा ओळखूच आलं नाही मला. म्हटलं टीचर असतील. मग कळलं ही आहे. म्हटलं, ती जी बाई आहे ती वरच्या खोलीत राहते, तर आपणच वर जावं. आणि मी वर आलो तर ती बाईच निघून गेली.”

लग्न न झालेल्या माणसाकडं अशा वेळी द्यायला काही नसतं.

“एक रविवार ये,” मी म्हटलं. “शेवटचा. बसप्पाला असं अर्ध्यात सोडता येत नाही.”

“नियम आहे का?”

“आहे,” मी म्हटलं. असा काहीही नियम नाही.

रविवारी तो आला. आल्या आल्या त्यानं माझ्या हातात एक घडी केलेला कागद ठेवला. वर ‘विषय: कार्यमुक्त होणेबाबत’. खाली बसप्पाची सही. मी म्हटलं, मंजुरी खेळ संपल्यावर.

त्या दिवशीची गोष्ट मी आठवडाभर जुळवली होती, आणि चोरी कबूल करतो, कल्पना सिद्रामचीच होती. काळ्या डोंगरातल्या राक्षसाला खरंच भाऊ निघाला. थोरला डोंगराच्या उत्तरेला, धाकटा दक्षिणेला. तीनशे वर्षं दोघं एकमेकांवर शिळा फेकतायत आणि मधलं गाव चिरडतंय. मुसद्दिकचा योद्धा म्हणाला, झोपेत मारू. काजळी म्हणाली, मी गुहेत शिरून बघते. बसप्पा काहीच म्हणाला नाही. सिद्राम खुर्चीत पाहुण्यासारखा बसला होता.

मी थोरला राक्षस झालो. टेबलावर मूठ आपटून ओरडलो, “यानं हद्द माझ्या बाजूला दोन हात सरकवली!”

“कोणत्या साली?” सिद्राम म्हणाला.

सवयीनं तोंडातून निघून गेलं असावं, कारण त्यानं लगेच ओठ मिटले. पण मी सोडलं नाही.

“बापानं डोळे मिटले त्या साली! तेराव्याच्या आधी!”

“बसा,” सिद्राम म्हणाला.

“काय?”

“खाली बसा. उभ्या माणसाला ऐकू येत नाही. पाणी पिलात का सकाळपासून?”

आवाज बदलला होता. आम्ही पाच आठवडे ज्याच्यावर हसत होतो तो हा माणूस नव्हता. आणि तो काही नाटकही करत नव्हता. तो रोज हेच करत होता, उन्हात, कुऱ्हाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या मधोमध. फक्त आम्ही कुणी ते बघितलं नव्हतं. त्याच्या बायकोनंसुद्धा.

मी बसलो. म्हणजे राक्षस बसला. सिद्रामनं दोघांना पाणी पाजलं, आधी धाकट्याला. बाप कशानं गेला ते विचारलं. आई कुणाकडं होती ते विचारलं. मग म्हणाला, “साखळीचं एक टोक तुम्ही धरा, दुसरं तुम्ही. माझी माणसं हात लावणार नाहीत.”

“का?” मुसद्दिकनं विचारलं. थट्टा विसरून.

“दोन्ही हात साखळीला लागले की दगड कशानं उचलणार? आणि स्वतः धरलेल्या टोकाला माणूस नंतर नाही म्हणत नाही.”

मी म्हटलं, फासा टाक. त्यानं टाकला. सतरा. राक्षसांनी साखळी धरली. तीनशे वर्षांत पहिल्यांदा डोंगरात शांतता झाली, आणि आमच्या खोलीतही. शिवलीला हनुवटीखाली हात घेऊन नवऱ्याकडं बघत होती. एखादा अनोळखी माणूस बघावा तशी.

मग मी ते वाक्य बोललो. ठरवलेलं नव्हतं. धाकटा राक्षस झालो आणि विचारलं, “मोजणीदार, तू राजाचा पगार खातोस. मग या चोरट्या बाईच्या मागं मागं का फिरतोस? पाळत ठेवायला?”

शिवलीलानं टीचरांकडं बघितलं, मग दाराकडं, जिन्याकडं. तिला कळलं, त्या दिवशी जिन्यात ऐकू गेलं होतं.

सिद्रामला खोटं बोलता येत नाही, ते खेळातही आलं नाही.

“नाही,” तो म्हणाला. “मी खाली स्कूटरवर बसायचो. वर ही हसायची. घरी नाही हसत. म्हटलं, जाऊन बघावं कशानं हसते. जमलं तर शिकावं.”

मुसद्दिक हळूच म्हणाला, “राक्षसाला स्कूटर काय कळणार, भाई?”

“मग घरी का नाही विचारलंत?” शिवलीला म्हणाली.

“विचारल्यावर हसली असतीस?”

तिनं विचार केला. प्रामाणिकपणे केला. “नसते,” ती म्हणाली. मग डोळे पुसले आणि एकदम माझ्यावर उखडली, “आणि तू रे दगड्या! तीनशे वर्षं एक बांध सुटला नाही तुला, आणि माझ्या माणसाला प्रश्न विचारतोस? साखळी धर नीट! ढिली सोडलीस तर बोटं छाटीन!”

“काजळी,” सिद्राम दबक्या आवाजात म्हणाला, “त्याला साखळी ताणायला लावू नकोस, माप चुकतंय.”

“तू गप रे बसप्पा!”

म्हणून गेली आणि तोंडावर हात ठेवला. सिद्राम तिच्याकडं बघत राहिला. मग तो हसला. शाळेपासून ओळखतो त्याला. त्याचे मागचे दात मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

हद्द ठरली. बारा खुंट्या रोवल्या गेल्या. पाच वाजता दोघं जिना उतरून गेले आणि मी मोठ्या दिमाखात मुसद्दिकला म्हणालो, “आता बघ, पुढच्या रविवारपासून काय रंगतंय ते.”

पुढच्या रविवारी दोन वाजले. अडीच वाजले. मुसद्दिक आला, टीचर आल्या, पण ते दोघं आले नाहीत.

मंगळवारी दुपारी दोघं दुकानात आले. शिवलीलाचं नाक उन्हानं सोललं होतं.

“एक गॉगल दाखव,” सिद्राम म्हणाला. “लेडीज.”

“भावजी, मी काल रजा टाकून वळसंगला गेले होते, मोजणीला!” ती काउंटरवर वाकून सांगायला लागली. “चुलतभाऊ होते दोघं. एकानं खरंच दगड उचलला हो! आणि यांनी काय करावं? त्याला विचारलं, सकाळपासून पाणी पिलास का! मला तर हसूच आवरेना. तिथंच बांधावर बसले हसत. तो दगडवालापण हसायला लागला.”

“मोजणीत अडथळा आणला हिनं,” सिद्राम गंभीरपणे म्हणाला.

ती एकेक गॉगल लावून आरशात बघत होती. एक मोठा गोल घातला आणि वळली. “अहो, कसा दिसतोय?”

“माशीसारखी दिसतेस.”

“मग हाच,” ती म्हणाली.

मी डबी पुसून दिली. म्हटलं, “रविवारी या की. राक्षस वाट बघायलेत.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. “येऊ की,” सिद्राम म्हणाला. “सवडीनं.”

वर्षभरात ते दोनदा आले. पुढं मुसद्दिक दुबईला गेला, टीचरांची बदली झाली, आणि वरच्या खोलीत पुन्हा फ्रेमांची खोकी लागली. राग आला का? थोडा आला. पुन्हा दीड वर्ष माणसं शोधा.

पण त्या मंगळवारी मी दुकानाच्या दारात उभा राहून त्यांना जाताना बघत होतो. चौकात सिग्नल लाल होता. शिवलीला स्कूटरवर मागं बसून काहीतरी सांगत होती, एक हात हवेत, दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवर थापा मारत. सिग्नल हिरवा झाला. रिक्षा गेल्या, बस गेली. सिद्राम, जो पिवळ्यावरसुद्धा थांबतो आणि हिरवा होताच निघतो, तो मान मागं वळवून तसाच ऐकत बसला होता. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकले आणि सिग्नल पुन्हा लाल झाला.